चाकांवरची मोरी

दिवाळीच्या फराळाचे ताट समोर असताना मोरीच्या गोष्टी काढणे शिष्टाचाराला धरून नाही, याची मला पूर्ण जाणीव आहे. तेव्हा ज्यांच्या हातात आत्ता चकली असेल त्यांनी हे पान तूर्त दुमडून ठेवावे आणि दुपारी सुपारी कातरताना सवडीने उघडावे. पण उघडावे मात्र खरे! कारण ही गोष्ट नुसत्या मोरीची नाही. माझ्या आईची आहे, आणि थोडीफार तुमच्याही घरातल्या आईबहिणींची आहे.

मी मूळचा शाहूवाडी तालुक्यातला. कोल्हापूरहून रत्नागिरीच्या रस्त्याने निघालात की बांबवडे मागे पडते, मलकापूर येते आणि मग आंबा घाटाचे वेध लागतात. त्याच रस्त्यापासून थोडे आत आमचे गाव. नोकरीची तेहतीस वर्षे कोल्हापुरात काढून मी निवृत्त झालो, गावाकडच्या घराची कौले परतून घेतली आणि आईला घेऊन तिथे राहायला आलो. आईचे माहेर घाट उतरून खाली, साखरप्याजवळ. म्हणजे सासर घाटावर आणि माहेर कोकणात. मध्ये आंबा घाट. या भूगोलाला पुढे महत्त्व येणार आहे, म्हणून आताच सांगून ठेवतो.

२०२२ सालच्या उन्हाळ्यात पुण्याला नात्यातले लग्न होते. आईने ऐंशी ओलांडली होती, पण उत्साह दांडगा. रात्रीच्या गाडीने गेलो, लग्न लावून परत आलो. तिसऱ्या दिवशी तिला थंडी वाजून ताप भरला. दवाखान्यात न्यावे लागले. लघवीच्या जागी जंतुसंसर्ग झाला होता आणि तो वर मूत्रपिंडापर्यंत पोचण्याच्या बेतात होता. डॉक्टरांनी विचारले, "आजी, पाणी किती पिता?"

"घरी पुष्कळ पिते हो. प्रवासात नाही पीत."

"का बरं?"

आई काही बोलली नाही. माझ्याकडे एकदा बघितले आणि पदर सारखा केला. ते उत्तर डॉक्टरांना समजले. मला समजायला मात्र साठ वर्षे लागली, याची लाज वाटली. घरी आल्यावर मी सौ.ला विचारले, फोनवरून दोन्ही बहिणींना विचारले. तिघींचेही उत्तर एकच! प्रवासाला निघायचे म्हणजे सकाळचा चहासुद्धा अर्धाच घ्यायचा, दुपारनंतर पाण्याला शिवायचे नाही, आणि गाडी थांबली तरी अंधारात उतरून कुठे जायचे म्हणून बसून राहायचे. आमच्या घरातल्या बायका ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या शिकत आल्या होत्या आणि आम्ही पुरुष मात्र प्रत्येक थांब्यावर उतरून हातपाय मोकळे करीत होतो.

आपल्या एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला गेली. त्या दिवसापासून तिने खेडोपाडी माणसे पोचवली, मुलींना शाळेत नेले, लेकींना माहेरी आणले. तिचे उपकार मोजावे तेवढे थोडे. पण गाडीतच सोय, ही कल्पना आपल्याकडे रेल्वेपुरतीच राहिली. आणि तीही सहजासहजी आलेली नाही. १९०९ साली ओखिलचंद्र सेन नावाच्या बंगाली गृहस्थांनी रेल्वेच्या साहेबांना आपली फजिती कळवणारे एक पत्र मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिले. फणस जास्त खाल्ल्यामुळे स्टेशनवर उतरावे लागले आणि तेवढ्यात गाडी निघून गेली, अशी ती कहाणी. ते पत्र पुढे इतके गाजले की, खालच्या वर्गाच्या डब्यांतल्या सोयीचे श्रेय लोक त्यालाच देतात. पण डब्यातली ती घाण कितीतरी दशके सरळ रुळांवरच पडत होती. डब्याखाली जिवाणूंच्या टाक्या बसवण्याचे काम सुरू झाले ते २०११ सालापासून. म्हणजे सोय करणे निराळे आणि सोयीनंतरची घाण सांभाळणे निराळे! हा फरक मला पुढे चांगलाच महागात पडायचा होता.

बस आली घरा

पुण्यात २०१६ साली उल्का सादलकर आणि राजीव खेर यांनी जुन्या सिटी बसगाड्यांची स्त्रियांसाठी स्वच्छतागृहे केली, त्यांना 'ती' असे नाव दिले. त्यातली एक मी रस्त्याकडेला उभी असलेली पाहिली होती. तिची आठवण झाली आणि डोक्यात किडा शिरला. जुनी बस अशी होऊ शकते, तर आपल्या घरच्या चार बायकांपुरती चालती-फिरती का होऊ नये? आईच्या मनात नर्मदेचे दर्शन घ्यायचे कधीपासून होते. दवाखान्यातून आल्यावर ती म्हणाली होती, "आता राहिलं ते राहिलं." ते वाक्य माझ्या मनातून जाईना.

माझा भाचा कोल्हापूरला उद्यमनगरात छोटासा कारखाना चालवतो. लोखंडाचे काय वाटेल ते करील असा त्याचा लौकिक. त्याच्या ओळखीने एका शाळेची जुनी लहान बस मिळाली. गाडीत असे फेरफार करायचे तर परिवहन कार्यालयाची मंजुरी लागते. ती कागदपत्रांची यात्रा नर्मदेच्या परिक्रमेपेक्षा फार लहान नव्हती. पण २०२१ साली राज्य सरकारने कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले असल्यामुळे निदान 'हे काय नवीन काढलंत?' असे कुणी म्हणाले नाही.

आत दोन बाक, चार झोपायच्या फळ्या, एक ओटा आणि मागच्या कोपऱ्यात अडीच फूट रुंद, साडेतीन फूट लांब न्हाणीघर. हे सगळे पटापट झाले. टपावर स्वच्छ पाण्याची टाकी ठेवायचा माझा बेत भाच्याने हाणून पाडला. "मामा, दोनशे लिटर पाणी म्हणजे दोनशे किलो वजन. ते टपावर ठेवलं तर वळणावर गाडी झुलेल. वजन खाली आणि दोन चाकांच्या मध्ये पाहिजे." तेव्हा ती बाकाखाली गेली. राहिल्या गाडीच्या पोटाखाली बसवायच्या दोन टाक्या. एक बेसिन आणि न्हाणीच्या सांडपाण्यासाठी दीडशे लिटरची, दुसरी संडासासाठी नव्वद लिटरची. दोन वेगळ्या का, असे सौ.ने विचारले. कारण साबणाचे पाणी झाडांच्या आळ्यात किंवा शोषखड्ड्यात सोडता येते; मैल्याला मात्र सेप्टिक टाकीच हवी. दोन्ही एकत्र केली की सगळेच मैला!

प्लास्टिकच्या तयार टाक्या बाजारातून आणल्या. त्यांत एक खोट निघाली. पाणी बाहेर पडायचे तोंड तळापासून दोन इंच वर होते. स्वच्छ पाण्याला ते चालते. उलट गाळ तळाशी राहतो म्हणून बरेच. पण मैल्याच्या टाकीत तळाचे दोन इंच कधीच बाहेर पडणार नाहीत, म्हणजे काय होईल ते वाचकांनीच कल्पावे. म्हणून तळाशी अगदी टेकून तीन इंची तोंड पाडायचे आणि त्याला पाइप जोडायचा असे ठरले. मी उत्तम प्रतीचा दोन नळ्यांचा डिंक आणला, घासूनपुसून पाइप चिकटवला, वर कापड गुंडाळून पुन्हा डिंक लावला. एक दिवस-रात्र टाकी काठोकाठ भरून अंगणात ठेवली. एक थेंब गळला नाही. मी भाच्याकडे विजयी मुद्रेने पाहिले.

घाटातली ती संध्याकाळ

ऑक्टोबरात, परतीचा पाऊस अजून रेंगाळत असताना, आम्ही आईला माहेरी नेऊन आणायचे ठरवले. लांब जायच्या आधीची चाचणी. बरोबर सौ. आणि थोरली आक्का. जाताना सगळे ठाकठीक झाले. आईने भावजयीकडे दोन ग्लास कोकम सरबत घेतले, तेव्हा आक्का माझ्याकडे बघून हसली.

परतताना घाट चढू लागलो. एका वळणावर मागच्या मोटारसायकलवाल्याने हात करून थांबवले. "काका, गाडी गळतीय तुमची!"

खाली वाकून पाहिले. जिथे मी डिंक लावला होता तिथून थेंब थेंब नव्हे, बारीक धार लागली होती. वासावरून कोणती टाकी ते सांगायला नकोच. अंगणात टाकी स्थिर होती. इथे प्रत्येक खड्ड्यावर तिला हिसका बसत होता आणि डिंकाची पापडी वाळलेल्या सालीसारखी सुटत होती.

संध्याकाळ झाली होती. धुके उतरत होते. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी आणि पावसाच्या पाण्याने भरून वाहणारी घळ. भाचा हलक्या आवाजात म्हणाला, "मामा, तशीही सगळ्या रस्त्याला गळत जाणार. त्यापेक्षा इथंच व्हॉल्व्ह उघडू. पाऊस आहे, धुऊन जाईल. कोण बघतंय?"

खरे सांगतो, मी 'नाही' म्हणालो नाही. मी मागेपुढे कुणी येते का, ते पाहिले.

खिडकीतून आईचा आवाज आला. "काय रे, काय चाललंय?" आक्काने तिला सांगितले असावे. ती काठी टेकत दारापर्यंत आली. "हे पाणी खाली कुठं जातं ठाऊक आहे ना तुला?"

मला ठाऊक होते. त्या उताराचे पाणी साखरप्याकडे, काजळी नदीला जाते. ज्या ओढ्यावर तिने लहानपणी कपडे धुतले, हंडे भरले, ते तिकडेच. भाचा ओशाळून म्हणाला, "आजी, मग असंच वर घाटमाथ्यापलीकडं नेऊ. तिथलं पाणी इकडं येत नाही."

"तिकडचं कडवीला जातं. ती वारणेला मिळते. तिथं काय माणसं राहत नाहीत?"

सह्याद्रीच्या माथ्यावरची ही गंमत आपण भूगोलात शिकतो. एका बाजूचा थेंब अरबी समुद्राला जातो, दुसऱ्या बाजूचा कडवी-वारणेतून हरिपूरला कृष्णेत मिसळून थेट बंगालच्या उपसागराला. पण दोन्ही बाजूंना वाटेत कुणाचा ना कुणाचा पाणवठा असतो, हे भूगोलाच्या पुस्तकापेक्षा सासर घाटावर आणि माहेर कोकणात असलेल्या बाईला जास्त चांगले कळते. आमच्या जिल्ह्याला तर हे निराळे सांगायला नको. २०१२ साली पंचगंगेच्या काठच्या इचलकरंजीत काविळीची जी साथ आली, तिची आठवण आजही निघते. वरच्या गावांनी 'कोण बघतंय' म्हटले की खालच्या गावात काय होते, ते तेव्हा सगळ्यांनी पाहिले.

आम्ही बादली काढली. भाच्याने सायकलच्या जुन्या ट्यूबचा पट्टा आवळून धार कमी केली, आणि बादली तारेने टाकीखाली टांगली. दर दोन-तीन किलोमीटरवर थांबायचे, बादली उतरवायची, झाकणाच्या मोठ्या डब्यात रिकामी करायची, पुन्हा टांगायची. तो डबा गाडीत आक्काच्या पायाशी. आईच्या नाकाला पदर, पण तोंडाने 'हळू चालव रे' चालूच. अर्ध्या-पाऊण तासाच्या वाटेला आम्हाला अडीच तास लागले. घरी आल्यावर डबा आणि उरलेली टाकी सेप्टिक टाकीत ओतली, तेव्हा रात्रीचे दहा वाजले होते. आईने सगळ्यांना न्हाणीत पिटाळले आणि मग चहा केला. त्या चहाइतका गोड चहा मी प्यालेलो नाही!

मेणाला डिंक लागतो का?

दुसऱ्या दिवशी भाचा एका मिस्त्रीला घेऊन आला. फुटलेल्या पाण्याच्या टाक्या आणि मोटारसायकलचे प्लास्टिक सांधणे हा त्यांचा धंदा. त्यांनी माझ्या डिंकाकडे पाहिले, नखाने तो सोलून काढला आणि हसले.

"सायेब, ह्ये प्लास्टिक मेणाच्या जातीचं हाय. मेणाला कदी डिंक लागलाय व्हय? ह्येला ह्येच्याच जातीची काडी पायजे."

त्यांनी टाकीचा एक कपचा पाण्यात टाकला, तो तरंगला. अंगणात वाऱ्यावर उभे राहून त्याचे टोक पेटवले, विझवले. विझलेल्या मेणबत्तीसारखा वास आला. "ह्ये पॉलिथिन." मग नळाच्या पाइपचा तुकडा पाण्यात टाकला, तो बुडाला. "ह्ये पी.व्ही.सी. ह्येचा धूर नाकाला झोंबतोय, हुंगू नका." पी.व्ही.सी.ला लावायचे सोल्युशन दोन्ही पृष्ठभाग किंचित विरघळवते आणि ते एकजीव होतात. पॉलिथिन त्यात विरघळत नाही, आणि डिंकही त्याला धरत नाही. डबा एका जातीचा, पाइप दुसऱ्या जातीचा, आणि मी त्यांचे डिंकाने लग्न लावायला निघालो होतो!

मिस्त्रींचे काम दोन दिवस पाहिले. त्यांनी पॉलिथिनचेच तोंड आणले. सांध्याची जागा खरवडून वरचा जुना थर काढला, कडेला तिरकी खाच पाडली, त्याच टाकीच्या कापून काढलेल्या तुकड्याच्या काड्या केल्या, आणि सुमारे तीनशे अंशांच्या गरम हवेच्या गनने टाकी आणि काडी दोन्ही एकाच वेळी मऊ करीत काडी खाचेत दाबत गेले. घाई केली तर काडी वितळते पण टाकी थंड राहते, आणि सांधा वरवरचा होतो. फार तापवले तर प्लास्टिक करपते. पॉलिथिनच्या तोंडापुढचा पी.व्ही.सी. पाइप चिकटवला नाही. आट्यांनी आणि रबरी वॉशरने आवळला.

बाकीच्या सुधारणाही त्यांच्या आणि भाच्याच्या बोलण्यातून निघत गेल्या. ज्यांना असा खटाटोप करायचा असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. टाकीचे वजन सांध्यावर येता कामा नये. म्हणून लोखंडी अँगलची चौकट, तळाला जाड फळी, मध्ये रबर, आणि वरून पट्टे. टाकी चौकटीत आवळून कोंबायची नाही. पॉलिथिन उष्णतेने लोखंडाच्या सुमारे दहापट पसरते. मीटरभर टाकी सकाळच्या गारव्यातून दुपारच्या उन्हात गेली की तीनएक मिलिमीटर वाढते, तेवढी जागा तिला द्यावी लागते. सायलेन्सरपासून टाकी लांब, आणि मध्ये पत्र्याचा आडोसा. व्हॉल्व्ह गाडीच्या पोटाच्या खाली लोंबता कामा नये. एखादा दगड लागला की संपले. आणि टाकीच्या माथ्यावरून टपापर्यंत दीड इंची वाफारा हवाच. तो नसला तर पाणी गटगट आवाज करीत अडते, बेसिनच्या वाकातले पाणी ओढले जाते आणि सगळी दुर्गंधी घरात, म्हणजे गाडीत, येते.

एक गोष्ट उलटी वाटेल, पण खरी आहे. मैल्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह थोडा थोडा उघडायचा नाही. पातळ निघून जाते आणि घट्ट तळाशी साचून दगड होते. टाकी बरीचशी भरू द्यायची आणि मग एकदम सोडायची, म्हणजे पाण्याच्या लोंढ्याबरोबर सगळे निघते. वास मारण्यासाठी जहाल औषधे ओतायचीही नाहीत. फॉर्मालिनसारख्या औषधाने ज्या सेप्टिक टाकीत आपण ओततो तिथले कामकरी जंतूच मरतात.

आता प्रश्न उरला तो टाकी किती भरली हे कळायचे कसे? भाच्याने विजेची यंत्रणा सुचवली. आईने विचारले, "एका खेपेला किती पाणी जातं?" आम्ही मापले, धुण्याचे, ओतण्याचे सगळे मिळून दोन लिटर. "मग चाळीस खेपा झाल्या की ऐंशी लिटर. दहा शिल्लक ठेवा." असे म्हणून तिने चाळीस चिंचोके मोजून एका डबीत घातले. जो जाईल त्याने एक चिंचोका या डबीतून त्या डबीत टाकायचा. पहिली डबी रिकामी, म्हणजे टाकी भरली! सहा माणसांना एक डबी दीडएक दिवस पुरते. ही यंत्रणा आजवर एकदाही बिघडलेली नाही.

नर्मदेच्या वाटेवर

या वेळी नुसती अंगणात चाचणी घेतली नाही. टाक्या साध्या पाण्याने भरून भाच्याने गाडी आठ दिवस मलकापूर ते आंबा अशी वरखाली केली, खाली कोरडे वर्तमानपत्र बांधून. कागद कोरडाच राहिला.

२०२४ च्या फेब्रुवारीत आम्ही निघालो. आई, सौ., दोघी बहिणी, भाचा आणि मी. ओंकारेश्वरपर्यंत चार मुक्काम केले. टाकी कुठे रिकामी करायची ते आधी फोन करून ठरवले होते. एके ठिकाणी मंगल कार्यालय, एके ठिकाणी नातेवाइकांचा वाडा. "तुमच्या सेप्टिक टाकीत ओतू का?" असे परक्या माणसाला विचारताना पहिल्यांदा जीभ अडखळली, पण कारण सांगितले की लोक हसून हो म्हणत. एका मालकिणीने तर गाडी आतून पाहिली आणि नवऱ्याला हाक मारली, "अहो, जरा इकडे या. बघा!" त्या 'बघा'मध्ये काय काय होते, ते आमच्या चौघींना बरोबर समजले.

पण माझ्या लक्षात राहिले आहे ते निराळेच. पहिल्या दिवशी पुणे मागे पडले. ऊन चढले होते. आईने बाकाखालचा तांब्या काढला, भांड्यात पाणी ओतले आणि घटाघटा प्याली. भांडे खाली ठेवून पुन्हा भरले. कुणी काही बोलले नाही. आक्काने मात्र हात पुढे केला आणि म्हणाली, "आई, मलाही दे गं थोडं." मग धाकटीने मागितले, मग सौ.ने. धावत्या गाडीत चौघी पाणी पीत होत्या, एवढेच. मी समोर रस्त्याकडे पाहत बसलो, कारण भाच्याने माझे डोळे पाहिले असते.

ओंकारेश्वरला आईने नर्मदेला ओटी वाहिली. घाटाच्या पायऱ्या चढताना धापा टाकत म्हणाली, "आपण हिच्यात काही घाण केली नाही हो." मला वाटते, तिच्या लेखी यात्रा तिथे पुरी झाली.

प्रत्येकाने बस घ्यावी, असे माझे म्हणणे नाही. ते परवडण्यासारखेही नाही आणि त्याची गरजही नाही. पण दोन दिवसांनी भाऊबीज आहे. बहीण ओवाळायला येईल. ओवाळणी घालून झाली की तिला एकदा विचारा, "ताई, येताना गाडीत पाणी प्यालीस का?" ती हसून विषय बदलील. तरी विचारा. आमच्या घरातली सगळी गोष्ट त्या एका प्रश्नापासूनच सुरू झाली. फक्त तो मी साठ वर्षे उशिरा विचारला.